ताप नाही म्हणजे काही नाही

२०२० च्या उन्हाळ्यात आमच्या यारी रोडवरच्या सोसायटीच्या गेटवर एक नवीन वस्तू आली. वॉचमन प्रत्येकाच्या कपाळासमोर ती पिस्तुलासारखी धरायचा, टिक असा आवाज व्हायचा आणि तो आकडा मोठ्यानं सांगायचा. माझा ९७ च्या आसपास. दुधवाल्याचा ९८. माझी थोरली बहीण, आमची आपा, मागच्या विंगमध्ये राहते. तिचा आकडा मात्र कायम ९५ च्या घरात. "बाजी का तो एकदम ठंडा है," वॉचमन म्हणायचा आणि आम्ही सगळे खूश व्हायचो. त्या दिवसांत थंड असणं ही केवढी नेमत होती.

त्या ठंडेपणाचा अर्थ आम्हाला सप्टेंबरअखेर कळला. त्याबद्दल लिहायचं पाच वर्षं टाळत आलो. कारण या गोष्टीत माझाही एक वाटा आहे आणि तो सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

आपाला थायरॉईड आहे. म्हणजे थायरॉईडची ग्रंथी आपल्या सगळ्यांनाच असते, गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखरासारखी. पण आपल्याकडे "तिला थायरॉईड आहे" असं म्हटलं की समोरच्याला काय ते कळतं. तिला तो २००९ मध्ये, धाकट्या मुलाच्या जन्मानंतर काही महिन्यांनी निघाला. केस गळत होते, चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, दिवसभर झोप. अम्मी म्हणाली, बाळंतपणाची कमजोरी आहे, डिंकाचे लाडू खा. लाडूंनी वजन तेवढं वाढलं. शेवटी अंधेरीच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, टीएसएच खूप वर गेलेला होता. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी, बहुतेक आयुष्यभर, असं सांगून त्यांनी कागद दिला.

बाजारात कोळणीशी गप्पा मारताना आपानं हे सांगितलं, तर ती हसली. रोज म्हावरं खाणाऱ्याला थायराईड कसला, तो डोंगरातल्या लोकांना होतो. तिचं म्हणणं पार चुकीचं नव्हतं. गळ्याला गाठ येणं, म्हणजे गलगंड, हा हिमालयाच्या पायथ्याचा आजार म्हणून ओळखला जाई, कारण तिथल्या मातीतलं आयोडीन पावसानं आणि बर्फानं धुऊन नेलेलं. थायरॉईडचं हार्मोन आयोडीनशिवाय बनत नाही. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं, गाठी कमी झाल्या, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपण पाकिटातलं मीठ खातो त्यामागे हा इतिहास आहे. (भांडुप-मुलुंडच्या मिठागरांकडे पाहून वाटतं की समुद्राच्या मिठात आयोडीन भरपूर असेल. नसतं. ते वरून घालावं लागतं. आयोडीन समुद्रातल्या माशांत असतं, मिठात नगण्य.)

मग मासे खाणाऱ्या, पाकिटातलं मीठ वापरणाऱ्या वर्सोव्यातल्या बाईला हे का व्हावं? आठ भारतीय शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची तपासणी करून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभरात जवळजवळ अकरा जणांना थायरॉईड हार्मोनची कमतरता निघाली, आणि त्यांतल्या साडेतीन जणांना ते माहीतही नव्हतं. मुंबई, गोवा, चेन्नई या समुद्राकाठच्या शहरांत प्रमाण ९.४५ टक्के, आतल्या शहरांत ११.७३. समुद्रामुळे थोडा फरक पडला म्हणायचा, पण कोळीणबाईंना वाटला तेवढा नाही. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तपासलेल्या लोकांपैकी दर पाचांतल्या एकाच्या रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीज होत्या. म्हणजे त्यांच्या शरीराची पहारेकरी यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजत होती.

आपाचाही आजार हाच आहे. हाशिमोटो हे त्याचं नाव. हाकारू हाशिमोटो हा जपानमधला तरुण सर्जन. त्यानं १९१२ मध्ये चार बायकांच्या काढलेल्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत पांढऱ्या पेशींची इतकी गर्दी होती की ग्रंथीचा मूळ घाटच हरवला होता. त्यानं जर्मन भाषेत निबंध लिहिला, मग आपल्या गावी, इगाला परतला आणि गावातला डॉक्टर म्हणून राहिला. १९३४ मध्ये विषमज्वरानं गेला. त्या पांढऱ्या पेशी तिथे काय करत होत्या हे त्याला कधी कळलं नाही, आणि पुढची वीसेक वर्षं कोणालाच कळलं नाही. कारण शरीर स्वतःविरुद्ध उठेल ही कल्पनाच तेव्हा वैद्यकाला मान्य नव्हती. १९५६ साली अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क टोचला आणि त्या सशांची ग्रंथी सुजली. त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या. आपण आज "ऑटोइम्यून" हा शब्द सहज वापरतो. त्याची सुरुवात अशी गळ्यातल्या या छोट्या ग्रंथीपासून झाली.

आपाला तो बाळंतपणानंतरच का निघाला, याचाही धागा इथेच आहे. पोटातलं मूल निम्मं परकं असतं. त्याला सांभाळून घेण्यासाठी आईची ही यंत्रणा नऊ महिने नमतं घेते आणि बाळंतपणानंतर पुन्हा डोकं वर काढते, कधीकधी जरा जास्तच. मग अनेक बायकांची ग्रंथी त्या काळात सुजते. काहींची सावरते, काहींची सावरत नाही. घरात "बाळंतपणाची कमजोरी" म्हणून जे लाडवांखाली झाकलं जातं, त्यात हे किती असेल असं मला आता वाटतं.

आमच्या फुफीला तरुणपणी याच्या नेमकं उलट झालं होतं. तिची ग्रंथी जास्त काम करायची. डोळे मोठे झालेले, छातीत धडधड, हात थरथरत. ती परळला टाटाच्या अॅनेक्समधल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये जायची. भाभा अणुसंशोधन केंद्रानं १९६३ मध्ये सुरू केलेली ही संस्था. तिथे तिला किरणोत्सारी आयोडीन प्यायला दिलं. ग्रंथी ते भुकेल्यासारखं ओढून घेते आणि त्यातच थंड होते. लहानपणी आम्हाला सांगायचे, फुफी अणुबॉम्बचं पाणी पिऊन आली, तिच्याजवळ जाऊ नका. पुढे फुफीलाही तीच छोटी गोळी लागली. एकाच घरात एकीची ग्रंथी भडकली, दुसरीची विझली, आणि दोन्हींमागे तीच यंत्रणा. फुफीच्या अँटीबॉडीज ग्रंथीला चाबूक मारत होत्या, आपाच्या तिला कुरतडत होत्या. घराण्यात हे असं पसरतं.

आता माझा वाटा.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि फोनवर सगळं सुरू झालं. काढे, गरम पाणी, हळद, कलौंजी, च्यवनप्राश. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, इम्युनिटी. मराठी वर्तमानपत्रं लिहायची रोगप्रतिकारशक्ती. मला त्या शब्दातल्या "शक्ती"चा तेव्हाही त्रास व्हायचा. शक्ती म्हटलं की ती पिंपातल्या पिठासारखी वाटते. कमी झाली, भरा. जास्त झाली तर बरंच. आपाच्या गळ्यात तिच्या स्वतःच्या यंत्रणेनं जे केलं, ते शक्ती कमी पडल्यामुळे झालेलं नव्हतं. शक्तीची नजर चुकली होती. पण हे सगळं मी आज लिहितो आहे. तेव्हा मीही सकाळी उठून आलेले निरोप न वाचता पुढे पाठवणाऱ्यांतला होतो.

त्यातला एक निरोप असा होता की थायरॉईड, शुगर, ब्लडप्रेशरच्या गोळ्या "इम्युनिटी मारतात", त्यामुळे या काळात त्या शक्य तेवढ्या कमी कराव्यात. खाली कुठल्याशा डॉक्टरचं नाव, जे बहुधा कोणाचंच नव्हतं. तो मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. बऱ्याच दिवसांनी फोन चाळताना तो सापडला तेव्हा वर माझं नाव आणि वेळ स्पष्ट होती. १९ एप्रिल, सकाळी ७ वाजून १० मिनिटं.

त्यानंतर सहा दिवसांनी रमजान सुरू झाला. आपाची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असायची, वर अर्धा-पाऊण तास काही खायचं नाही. सहरीला उठून आधी गोळी, मग अर्धा तास बसून राहणं, मग घाईत जेवण हे तिला जमेना. इफ्तारला घ्यावी तर खजूर, शरबत, दूध सगळं एकदम पोटात. दरवर्षी ती काहीतरी जुळवायची. त्या वर्षी माझा निरोप होता, औषधाच्या दुकानासमोर रांगा होत्या, पोलीस होते. तिनं गोळी थांबवली. ईद झाली २५ मेला. ती बरी होती. मग म्हणाली, गोळीशिवायही बरीच आहे की मी.

या गोळीची गंमत अशी की ती रक्तात फार हळू उतरते. निम्मी व्हायला आठवडा लागतो. म्हणून एखाद दिवस चुकली तर काही बिघडत नाही, आणि म्हणूनच सोडली तर लगेच काही कळतही नाही. खिशातून रोज एक रुपया गळावा तसं ते चालतं.

जूनमध्ये ती पंखा बंद करायला सांगू लागली. वर्सोव्यात जूनमध्ये, पाऊस धड सुरू झालेला नसताना! खाडीकडून वारा नाही, अंगाला मीठ चिकटलेलं, आणि आपा शाल घेऊन. दूल्हाभाई वैतागायचे. पंख्यावरून भांडणं व्हायची आणि आम्ही हसायचो. जुलैत आवाज जड झाला, फोनवर मला वाटायचं दूल्हाभाईच बोलतायत. ऑगस्टमध्ये सजद्यातून उठायला तिला वेळ लागू लागला. अम्मी म्हणाली, वय झालं. आपा तेव्हा ४२ वर्षांची होती. आम्ही आठवड्यातून तीनदा भेटत होतो. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस हळूहळू बदलत असेल तर ते दिसत नाही, हे मी आता कोणालाही सांगतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिला खोकला झाला. जोराचा नाही, एखादं म्हातारं माणूस खाकरतं तसा. आम्ही एका डॉक्टरांना फोन केला. तेव्हा सगळं फोनवरच चालायचं. त्यांनी विचारलं, ताप आहे का? नाही. किती? ९५. अंग दुखतंय? नाही. नाडी? मी मोजली, ५४. छान, ताप नाही म्हणजे काही नाही, वाफ घ्या, खोकल्याचं औषध घ्या, तीन दिवसांनी कळवा. मी त्यांना दोष देत नाही, त्या दिवसांत त्यांना असे शंभर फोन येत असतील. शिवाय थायरॉईडची गोळी बंद आहे हे आम्ही सांगितलंच नाही. आमच्या डोक्यात ते आलंच नाही. खोकल्याचा आणि गळ्यातल्या ग्रंथीचा काय संबंध?

खोकल्याचं औषध झोप आणणारं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाची धावत आली, अम्मी उठत नाही. उठली, पण उत्तरं एकेका शब्दात आणि मध्ये बराच वेळ घेऊन. बोटाला लावायचं यंत्र ८८ दाखवत होतं. रिक्षात बसवताना तिचा हात माझ्या हातात होता. मयताचा हात जसा लागतो तसा तो थंड होता. मला दुसरी उपमा सुचत नाही.

इस्पितळात आधी कोरोनाचा संशय, वेगळी खोली, नाकातली काडी. चाचणी निगेटिव्ह आली. छातीच्या फोटोत उजवीकडे खाली न्यूमोनिया होता, चांगला मोठा. सगळ्यांना कोडं पडलं की एवढा न्यूमोनिया आणि ताप नाही, नाडी संथ, हे कसं. रात्री एक तरुण निवासी डॉक्टर आली, पीपीई किटमध्ये, फक्त डोळे दिसत होते. तिनं आपाच्या भुवयांकडे पाहिलं. बाहेरच्या टोकाचे केस गेले होते. मग रबरी हातोडीनं घोट्याच्या मागच्या शिरेवर टकटक केलं. पाऊल झटक्यानं हललं, पण जागेवर परत यायला त्यानं इतका वेळ घेतला की बाजूला उभ्या भाचीलाही ते दिसलं. डॉक्टरनं बाहेर येऊन मला एकच विचारलं, "यांना थायरॉईड आहे का? गोळी चालू आहे?"

टीएसएच शंभराच्या वर होता. त्या यंत्राची मोजायची हद्दच शंभर होती.

पुढचे नऊ दिवस मी फार लिहिणार नाही. जंतूंसाठी अँटिबायोटिक, आधी स्टेरॉईड आणि मग थायरॉईडचं हार्मोन, अंग हळूहळू गरम करणं. घाई करायची नसते, हृदयाला झेपत नाही. ही अवस्था पुरती गाठली तर बेशुद्धी येते, आणि ती आली तर न वाचणारेही बरेच असतात, एवढं मला नंतर वाचून कळलं. सुदैवानं ती दुर्मीळ आहे. आपा त्या उंबऱ्यावरून परत आली. सहाव्या दिवशी तिला ताप आला, १००. डॉक्टर हसल्या. मला कळेना, तापावर काय हसायचं. त्या म्हणाल्या, आता शरीराला कळलं की आत चोर आहे.

त्या वाक्यावर मी पुढे बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. औषधाचे निर्णय मात्र आपापल्या डॉक्टरकडेच घ्या.

थायरॉईड हार्मोन शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीला किती वेगानं जळायचं ते सांगतं. पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्यातून सुटलेल्या नाहीत. जंतू गिळणाऱ्या पेशी, अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, जंतूची ओळख इतरांना करून देणाऱ्या पेशी, या सगळ्यांना हार्मोनचा इशारा समजतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये हे हार्मोन काढून घेतलं की छातीतली थायमस ग्रंथी आणि प्लीहा लहान होतात, अँटीबॉडी बनवण्याचं काम मंदावतं. हार्मोन दिलं की सुधारतं. यावरून लोक लगेच म्हणतात, बघा, थायरॉईडवाल्यांची इम्युनिटी कमी. माणसांत गोष्ट इतकी सरळ नाही. ज्याची गोळी नियमित आहे आणि टीएसएच ठिकाणावर आहे, त्याला इतरांपेक्षा जास्त जंतुसंसर्ग होतो असं दिसलेलं नाही. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय नोंदी तपासून दाखवलं की थायरॉईडचे उपचार घेणाऱ्यांना कोरोना होण्याचा किंवा त्यात गंभीर होण्याचा धोका वाढलेला नव्हता. म्हणजे माझ्या त्या १९ एप्रिलच्या निरोपात जे लिहिलं होतं, त्याच्या बरोबर उलट. गोळीत तेच हार्मोन असतं जे ग्रंथी बनवते. ते काय इम्युनिटी मारणार?

कमतरता मोठी असली, महिनोन्महिने दुर्लक्षिली गेली, तर चित्र बदलतं. तेव्हा पांढऱ्या पेशींचा आळस हा त्यातला एक भागच असतो. श्वासाचे स्नायू थकलेले असतात. खोकला इतका दुबळा की कफ बाहेर पडत नाही. रक्तातला प्राणवायू कमी झाला की निरोगी माणूस धापा टाकतो. इथे मेंदू ती हाक नीट ऐकत नाही. त्यात झोप आणणारं औषध पडलं तर आणखी वाईट. आणि मुख्य म्हणजे भोंगा वाजत नाही. आपण जंतूंना ओळखतो ते त्यांच्यामुळे आपल्या शरीरानं केलेल्या गडबडीवरून, म्हणजे ताप, थंडी वाजणं, नाडी धावणं. हे सगळं करायला इंधन लागतं. ज्याची चूल विझत आलीय तो ताप कशावर आणणार? आपाच्या फुप्फुसात आग लागली होती आणि गेटवरची बंदूक ९५ दाखवत होती. ती खोटं बोलत नव्हती. (खरं तर कपाळावरच्या त्या बंदुका फारशा भरवशाच्या नसतातच, पण घरच्या काखेतल्या थर्मामीटरनंही तेच सांगितलं असतं.)

आणखी एक गोष्ट, जी आमच्यासारख्या प्रत्येक चाचणी करून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. कोणत्याही मोठ्या आजारात थायरॉईडचं हार्मोन तात्पुरतं खाली जातंच, ज्याची ग्रंथी ठणठणीत आहे त्याचंही. शरीर बहुधा काटकसर करत असतं. म्हणून न्यूमोनिया, डेंग्यू, ऑपरेशन अशा वेळी उगाच थायरॉईड तपासला तर आकडे गोंधळात टाकतात. आपाचा टीएसएच शंभराच्या वर आणि जुना इतिहास होता म्हणून तिथे शंका राहिली नाही.

रमजानचं मात्र पुढच्या वर्षीच नीट लावून घेतलं. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि २०२१ मध्ये आपानं ती घ्यावी असं आम्ही सांगून पाहिलं. ती म्हणाली, आजारी मी गोळीशिवाय होते, गोळीबरोबर नाही. डॉक्टरांनी तिला झोपण्यापूर्वीची वेळ दिली. इफ्तारचं जेवण होऊन तीन-साडेतीन तास झाले की, तरावीह झाल्यावर, फक्त पाण्याबरोबर. काहींना सहरीच्या आधी अर्धा-पाऊण तास उठून घेणं जमतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या, नाहीतर पोटातच दोघींचं जुळतं आणि थायरॉईडची गोळी रक्तात पोचत नाही. आपल्या बायका या तिन्ही गोळ्या एकाच मुठीत घेतात. रमजानमध्ये टीएसएच थोडा वर सरकू शकतो, म्हणून ईदनंतर दीड-दोन महिन्यांनी एकदा तपासायचा. हे सगळं मी आमच्या मशिदीबाहेर कोणी विचारलं तर सांगतो. विचारणारे जास्त करून पुरुष असतात, बायकोसाठी विचारत असतात आणि आवाज खाली घेऊन विचारतात.

बकरी ईदला मला एक जुनी गोष्ट आठवते. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी अशाच थंडावलेल्या, सुजलेल्या ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि आणखी २८ वर्षं जगली. त्यासाठी आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आपल्याकडच्या दुकानात मिळणाऱ्या गोळीतलं हार्मोन आता कारखान्यात बनतं, ते प्राण्याच्या ग्रंथीतून काढलेलं नसतं. खाटिक गळ्याकडचा भाग बाजूला टाकतो तेव्हा माझी नजर तिकडे जाते एवढंच.

या वर्षी भाचीची तपासणी केली. ती आता २४ वर्षांची आहे. टीएसएच अगदी ठीक आणि अँटीबॉडीज भरपूर. म्हणजे पहारेकऱ्याची नजर फिरलेली आहे, पण ग्रंथी अजून टिकून आहे. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथल्या बायकांवर वीस वर्षं लक्ष ठेवून काढलेला हिशेब डॉक्टरांनी आम्हाला सांगितला. अशा शंभर जणींपैकी दरवर्षी साधारण दोघींना पुढे कमतरता येते, बाकीच्यांना त्या वर्षी येत नाही. औषध काही नाही. अँटीबॉडी कमी करायचा काढा, पावडर, परहेज काही नाही. वर्षातून एकदा टीएसएच, आणि लग्नानंतर मूल होण्याचा विचार असेल तेव्हा आधीच डॉक्टरला सांगायचं.

लग्नाचा विषय तिथूनच निघाला. भाचीसाठी श्रीवर्धनकडचं एक स्थळ आलेलं आहे, चांगलं. अम्मीचं म्हणणं स्पष्ट होतं. आजार नाही, गोळी नाही, मग रिपोर्ट दाखवायचा कशाला? आमच्यात मुलीच्या बाबतीत "थायरॉईड" हा शब्द निघाला की पुढचा फोन येत नाही, हे अम्मीनं पाहिलेलं आहे. फुफीच्या वेळी तर निकाहच्या आधी कोणालाच सांगितलं नव्हतं आणि पुढे तिला त्याचं फार ऐकून घ्यावं लागलं. मी गप्प होतो. १९ एप्रिलनंतर घरात तब्येतीबद्दल सल्ला द्यायची मला हिंमत होत नाही.

आपा ओट्याशी जवळा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगायचं. पहिल्याच भेटीत सांगायचं. उद्या ही त्या घरात पंखा बंद करा म्हणाली, तर हसण्याआधी कोणाला तरी कळलं पाहिजे."

पुढच्या रविवारी ते लोक येणार आहेत.